65 दिवस भाड्याची कॅम्परव्हॅन, स्पेन-पोर्तुगालचा हिवाळा : वहीतला खरा खर्च (5 पैकी साडेतीन)

आधीच सांगून टाकते, गाडी, म्हणजे आत झोपायची-शिजवायची सोय असलेली ती कॅम्परव्हॅन, चांगली होती. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही, बेड मऊ, फ्रीज थंड, सगळं ठीक. दीड स्टार कापलाय तो अर्धा कंपनीने काही गोष्टी तोंडाने सांगितल्या नाहीत म्हणून आणि एक अख्खा स्टार माझ्याच डोक्याचा, कारण हिशोब मी केला होता आणि चुकला तोही माझाच.

मी सरकारी बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर, त्यामुळे कुठेही गेलं तरी रात्री वही काढून दिवसाचा खर्च लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही, आमचे हे त्याला आजार म्हणतात. पण त्या आजारामुळेच आज मला युरो-सेंटसकट सांगता येतंय, म्हणून लिहितेय. मुलुंडमध्ये आमच्या ओळखीच्या दोन-तीन रिटायर जोडप्यांनी विचारलंय की आम्हीपण जावं का, तर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा हे एकदाच.

गेलो ते 27 नोव्हेंबर 2024 ला, परत 4 फेब्रुवारीच्या आसपास. त्यातले 65 दिवस गाडी. मुंबई ते माद्रिद विमान, तिथून रेल्वेने मालागा, मालागाहून गाडी घेतली आणि मालागालाच परत केली. रेल्वेचं एक सांगते, साठीच्या वरच्यांना तिथे 6 युरोत एक वर्षभराचं कार्ड मिळतं, त्यावर तिकिटात सवलत मिळते, स्टेशनवरच काढून घ्या, पहिल्याच प्रवासात पैसे वसूल.

नोव्हेंबरच का, तर पेन्शन. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो आधी देऊन टाकला मग निघालो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो पण आमच्या ह्यांचा त्या ॲपवर विश्वास नाही, म्हणाले अगं बाईने समोर बघून सही घेतली की जिवाला बरं वाटतं. बरं, सीनियर सिटिझन स्कीमचं व्याज जानेवारीच्या सुरुवातीला येतं, 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीचे 61,500, ते बरोबर ट्रिपच्या मध्यावर खात्यात पडलं. हे मी मुद्दाम जुळवलं होतं आणि एवढं एकच गणित माझं बरोबर आलं.

आता चूक कुठे झाली ते. जायच्या आधी वर्षभर मी तिकडच्या लोकांचे खर्च वाचत, बघत होते, इंग्लंडचे, हॉलंडचे, जर्मनीचे म्हातारे लोक दर हिवाळ्यात कॅरॅव्हॅन घेऊन स्पेनच्या समुद्रकिनारी येतात आणि चार-चार महिने राहतात, आणि त्यांचे आकडे बघून आपल्याला वाटतं अरे हे तर मुंबईत राहण्याएवढंच आहे. मग मी त्यात गाडीचं भाडं, विमान, व्हिसा मिळवलं आणि 7 लाख 25 हजार असा आकडा काढून ह्यांच्यासमोर ठेवला. झाले किती, 9 लाख 17 हजार.

पण त्या लोकांची गाडी स्वतःची असते हो. वीस वर्षांपूर्वी घेतलेली, कर्ज फिटलेली. ती उभी राहिली की त्यांचा खर्च थांबतो. आमची उभी राहिली तरी दिवसाला 55 युरो चालूच. स्टेशनबाहेर रिक्षा थांबवून ठेवायची आणि आपण आत जाऊन निवांत जेवायचं, वेटिंग मीटर पळतंय, तसं. हे मला कागदावर कळत होतं पण पोटात कळलं ते जानेवारीत.

तर भाड्याचं नीट सांगते. 65 दिवसांचे 55 ने 3,575 युरो. दोन महिन्यांच्या वर घेतली म्हणून हा दर, कमी दिवसांना आम्हाला 70 सांगितला होता. मग काउंटरवर कळलं की ठोकली-खरचटली तर पहिले 1,500 युरो आपले, ते कमी करायचं असेल तर दिवसाला 9 युरोचं जास्तीचं इन्शुरन्स. घेतलं. ह्यांनी आयुष्यभर उजवीकडे बसून डाव्या हाताने गिअर टाकलेत, तिकडे सगळं उलट, आणि गाडी सात मीटर लांब, मी काय नाही म्हणणार. 585. मग गाडी तयार करून देण्याचे 120, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचे 90. म्हणजे 4,370. जाहिरातीत 55 वाचलेलं, प्रत्यक्षात दिवसाला 67 पडले.

डिपॉझिटचं तर मला अजून लागतंय. फॉरेक्स कार्ड (आधी युरो भरून ठेवायचं ते) चालणार नाही, ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, हे माहीत होतं, नेलं होतं. मला वाटलं 1,500 युरो नुसते अडकवून ठेवतील, हॉटेलात ठेवतात तसे. कंपनीने सरळ खर्च म्हणून कापले आणि आम्ही गाडी परत केल्यावर परत पाठवले. पैसे परत आले, पण जाताना बँकेने साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं शुल्क, लावला आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, ते काही परत येत नाही. 1,35,000 वर 4,725 आणि वर 850. साडेपाच हजार रुपये, कशाचे तर माझेच पैसे मला परत मिळण्याचे. जन्म बँकेत गेला आणि मी हे विचारलं नाही. तुम्ही विचारा, आधी ईमेलवर विचारा, ब्लॉक करणार की चार्ज करणार.

कार्डावरून आठवलं, तिकडे पेट्रोल पंपावर, दुकानात मशीन विचारतं रुपयांत देणार की युरोत, डोळे झाकून युरो दाबायचं. रुपये दाबलं की त्यांच्या मर्जीचा रेट. आणि इथला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो, नाहीतर पैसे असून भिकारी.

पहिले 20 दिवस आम्ही नुसते पळत होतो. मालागा, काडिझ, सेव्हिल, तिथून पोर्तुगालात फारो, लागोस, परत मागे ग्रानाडा, मग तिथून किनाऱ्याने वर बेनिडोर्मच्या बाजूला. 1,700 किलोमीटर. गाडी लिटरला नऊ किलोमीटर देते, डिझेल दीड युरोच्या आसपास. रोज नवीन कॅम्पिंग (वीज-पाण्याची सोय असलेली, गाडी लावून राहायची भाड्याची जागा), सरासरी 24 युरो. रोज दमून काहीतरी बाहेर खायचं. भाडं सोडून त्या 20 दिवसांचा दिवसाचा खर्च 64 युरो. पोर्तुगालच्या दक्षिणेच्या हायवेवर टोल होता, बूथ नाही, कॅमेरा, नंबर प्लेटला कार्ड जोडायचं, ह्यांना ते काही पटेना म्हणून जुन्या रस्त्याने गेलो, गावागावातून, सिग्नल सिग्नल. आणि 1 जानेवारी 2025 पासून तो टोल कायमचा बंद झाला. आमचं नशीब.

ग्रानाडाची रात्र मात्र पूर्ण सांगते कारण हा रिव्ह्यूचा भाग आहे.

ग्रानाडा उंचावर, समोर बर्फाचे डोंगर, डिसेंबरची रात्र, शून्याच्या खाली. गाडीचं हीटर गॅसवर चालतं. बाहेरच्या बाजूला एक छोटं कपाट असतं, त्यात दोन सिलेंडर, एक संपलं की दुसरं लावायचं, गाडी देताना त्या मुलाने दाखवलं होतं, मी व्हिडिओपण काढला होता. रात्री तीनला हीटर बंद पडलं. हे उठले, स्वेटरवर जॅकेट, जॅकेटवर माझी शाल, टॉर्च तोंडात धरून दुसरं सिलेंडर लावलं. सिलेंडर भरलेलं, हलवलं तर आत डुचमळतंय, पण गॅस येईना. शेगडीपण पेटेना. आम्ही दोघं पासष्टीच्या पुढची माणसं दोन पांघरुणात एकमेकांना धरून सकाळ व्हायची वाट बघत बसलो, मी मनात वहीतली पानं मोजत होते की आत्ता हॉटेल घेतलं तर किती.

सकाळी शेजारच्या गाडीतल्या जर्मन आजोबांनी कपाट उघडून बघितलं आणि हसायलाच लागले. पहिलं सिलेंडर प्रोपेनचं होतं, दुसरं ब्युटेनचं. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ आलं की द्रवच राहतं, त्याचा गॅस होत नाही. प्रोपेन उणे चाळीसलाही होतो. आपल्याकडच्या घरच्या सिलेंडरमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं आणि मुंबईत थंडी कुठे, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न आयुष्यात पडत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ब्युटेन चालतं, डोंगरात जाणाऱ्याला नाही. कंपनीला माहीत होतं आम्ही कुठे कुठे जाणार, रूट त्यांनीच मागून घेतला होता. अर्धा स्टार इथे गेला. नंतर पेट्रोल पंपावर रिकामं देऊन प्रोपेन घेतलं, पूर्ण ट्रिपमध्ये तीन सिलेंडर, 54 युरो, म्हणजे पैशाचा प्रश्नच नव्हता, नुसतं सांगायचं होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. मी कुकर नेला होता, अर्थात. वरण-भात, छोले, तिकडे डाळी आणि चणे कुठल्याही सुपरमार्केटात ढीगभर आणि स्वस्त, मसाले आणि जाडे पोहे इथून. पण थंडीत खिडक्या बंद, आणि कुकरची वाफ, आणि दोन माणसांचा श्वास. सकाळी खिडकीच्या आतून ओघळ, गादी उचलली तर खाली ओली, आणि आठव्या दिवशी कपड्यांना तो वास आला, आपल्याकडे जुलैत कपाट उघडल्यावर येतो तोच. हसूच आलं मला, एवढे पैसे खर्चून मुलुंडचा पावसाळा स्पेनमध्ये आणला. मग छताची खिडकी बोटभर उघडी ठेवून शिजवायला लागले, थंडी आत येते पण गादी कोरडी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी असायला हवी होती या गाडीत, नव्हती.

19 डिसेंबरला आम्ही बेनिडोर्मजवळच्या एका कॅम्पिंगमध्ये थांबलो आणि 31 रात्री हललो नाही. आता इथे खर्चाचं चित्र बदललं. महिन्याचा दर 420 युरो, म्हणजे रात्रीचे साडेतेरा. वीज मीटरप्रमाणे, 40 सेंट युनिट, आम्ही 248 युनिट जाळले, 99 युरो. आधीच्या एका कॅम्पिंगमध्ये 6 अँपिअरचं कनेक्शन होतं, तिथे छोटा हीटर आणि किटली एकदम लावली की खटकन बाहेरच्या खांबावरचा स्विच पडायचा आणि ह्यांना रात्री चप्पल शोधत बाहेर जावं लागायचं. 6 अँपिअर म्हणजे जेमतेम चौदाशे वॉट, हीटरच पंधराशेचा, कसं चालणार. इथे 10 होतं. बुक करताना अँपिअर विचारा, लोक विचारत नाहीत.

डिझेल शून्य. बस होती, समुद्र चालत. रोज घरचं जेवण, आठवड्यातून एकदा बाहेर दुपारचं थाळीसारखं, तिकडे त्याला दिवसाचा मेनू म्हणतात, सूप किंवा सॅलड, मग मुख्य, मग गोड, पाव, प्यायला, सगळं मिळून 14 युरो माणशी. दुपारीच. रात्री तेच जेवण दुप्पट. भाडं सोडून त्या महिन्याचा खर्च दिवसाला 33. निम्म्यावर आला. वही बघून मला इतका आनंद झाला की मी ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, अगं पण गाडीचे भाडं-इन्शुरन्स मिळून 64 रोज चालूच आहेत ना.

पोटात कळलं म्हणाले ना मघाशी, ते इथे.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले, पाटी लावलेली होती भाड्याने देणेची, हातवारे करून विचारून आले. एक बेडरूम, गरम पाणी, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते, जानेवारीचे 900 युरो. आमची उभी गाडी त्याच महिन्यात भाडं, इन्शुरन्स, जागा आणि वीज धरून 2,503 युरोला पडली. मी मग बसून नीट मांडलं : गाडी 34 दिवसच घ्यायची, 70 च्या चढ्या दरानेही, फिरून परत करायची, आणि महिनाभर फ्लॅट. 1,093 युरो वाचतात. त्या वेळच्या रेटने लाखाला थोडे कमी. आणि फ्लॅटमध्ये तो गाडीतल्या टॉयलेटचा निळ्या औषधाचा डबा रोज सकाळी हातात धरून सांडपाण्याच्या जागेपर्यंत मिरवत न्यावा लागत नाही. त्या डब्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. आमच्याकडे ते काम ह्यांचं होतं आणि समोरून येणारा प्रत्येक गोरा म्हातारा हातात तसाच डबा घेऊन गुड मॉर्निंग करायचा, ह्यांची सगळी ओळखपाळख तिथेच झाली.

हे पण खरं आहे की तो महिना सगळ्यात छान गेला. शेजारी एक डच जोडपं, अकरा वर्षं त्याच नंबरच्या जागेवर येतात, पलीकडे इंग्लंडचे, ते रोज कुरकुर करायचे की ब्रेक्झिटनंतर आम्हालाही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं, पूर्वी पाच महिने राहायचो. मी म्हटलं या, आमच्या लाइनीत स्वागत आहे. संक्रांतीला तीळ मिळाले, गूळ मुंबईहून नेला होता, वड्या करून वाटल्या, तर त्या डच बाईने बदल्यात तिथलं तुरॉन आणून दिलं, बदाम आणि मधाचं, जवळच्याच खिखोना गावचं, खाल्लं तर सरळ आपली वडी, फक्त तिळाच्या जागी बदाम. फ्लॅटमध्ये हे झालं नसतं. 1,093 युरोत हे बसतं का, माझ्या वहीत असा रकाना नाही.

19 जानेवारीला निघून शेवटचे 14 दिवस आल्मेरियाच्या किनाऱ्याने हळूहळू मालागाला. या वेळी कॅम्पिंग नाही, फक्त गाड्या उभ्या करायच्या जागा असतात तिथे, पाणी भरता येतं, सांडपाणी सोडता येतं, रात्रीचे 13 युरो. एक लक्षात ठेवा, स्पेनमध्ये साध्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून आत झोपलं तर चालतं, पण बाहेर खुर्ची टाकली की ते कॅम्पिंग झालं आणि दंड. ह्यांना सकाळचा चहा बाहेर खुर्चीवरच लागतो, त्यामुळे आमची 13 युरोवालीच जागा.

बाकीचं पटकन. कॅम्पिंगचं सगळं मिळून वीज धरून 1,181, डिझेल 2,600 किलोमीटरचं 423, खाणंपिणं बाहेरचं धरून 1,292, धुलाई-बस-तिकिटं-किरकोळ 380. माद्रिदच्या पाच रात्री आणि रेल्वे 420. युरो तेव्हा 90 धरला. विमान दोघांचं 1,24,000, व्हिसा दोघांचा 22,000 (फी जून 2024 पासून 80 ची 90 युरो झालीय), इन्शुरन्स 34,000, त्यात 30,000 युरोचं कव्हर लागतंच, पण जुनी दुखणी त्यात नसतात, बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या इथूनच न्या आणि चिठ्ठीसकट. आंतरराष्ट्रीय लायसन्स आरटीओतून, 1,000 रुपये, एक वर्ष चालतं. गाडी साडेतीन टनाच्या आतलीच घ्या, त्याच्या वरची साध्या कारच्या लायसन्सवर तिकडे चालत नाही.

टीसीएसचं, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचं, बरेच जण विचारतात. आम्ही गेलो तेव्हा एका माणसाला वर्षाला 7 लाखांपर्यंत पैसे बाहेर पाठवायला टीसीएस नव्हता, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली, त्याच्या वर 20 टक्के. आम्ही दोघांच्या नावावर वेगवेगळी फॉरेक्स कार्डं भरली, त्यामुळे एक पैसा कापला गेला नाही. सगळं एकाच्या नावावर टाकू नका, कापलेलं रिटर्न भरून परत मिळतं पण तोवर तुमचं व्याज गेलं.

आणि आता जाणार असाल तर माझे रुपयांतले आकडे विसरा. 2025 मध्ये युरो शंभरच्या पार गेला, वर्षअखेरीला 105 च्या घरात. आमचे युरोतले 8,120 तेवढेच धरले तरी सव्वा लाख जास्त, आणि आम्ही काहीही जास्त खाल्लेलं नाही.

गाडी परत करताना मुलाने टॉर्च घेऊन बंपर बघितला, छप्पर बघितलं, टायर बघितले, काही सापडलं नाही, हे छाती काढून उभे. मग त्याने सिलेंडरचं कपाट उघडलं, दोन्ही प्रोपेनची बघून म्हणाला, अरे, तुम्ही बदलून घेतलीत? मी म्हटलं हो, आणि एक अजून अर्धं आहे, त्याचे पैसे देता का? नाही दिले.

त्याच कंपनीकडून परत घेईन. 34 दिवसांसाठी, आणि ताबा घेताना आधी ते कपाट उघडून.